बोअरची जागा

पाय खचला तो फार तर चार बोटं. पडण्याइतका नाही, मुरगळण्याइतकाही नाही. पानांच्या थराखाली जमीन जिथं असायला हवी होती तिथं नव्हती, जरा खाली होती, एवढंच. पण रोशनी पाय न काढता तशीच उभी राहिली. काखेत नकाशाची गुंडाळी, हातात लाल फडकं बांधलेला खुंट, डोक्यावर पांढरं हेल्मेट, आणि अंगात बाळंतपणानंतर अजूनही पोटावर नीट न बसणारं जाड जाकीट. पुढं श्रीरंगदादा पाठमोरा चालला होता, चालता चालता बोलत होता. "बोअरची पहिली रांग इथून धरू. मशीन खालच्या गेटातून आत येईल. मध्ये ही सीडरची झाडं येतायत, ती काढू म्हणतोय ग्रेग, त्यांना काही हेरिटेज व्हॅल्यू नाहीये." ती हो म्हणाली. हो म्हणताना पाय त्या खळग्यातच होता. पायाला काहीतरी कळलं होतं, आणि ते वर डोक्यापर्यंत येऊ नये म्हणून ती नकाशा उलगडून बघायला लागली. नकाशात तिथं नुसता कोरा उतार होता, आणि त्या उतारावर तिनंच काढलेले, सारख्या अंतरावरचे गोल ठिपके.

व्हिटकॉम्ब इस्टेट व्हर्जिनियातल्या हर्नडनपासून गाडीनं तासाभरावर. हमरस्त्यानं निघालं की आधी डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती लागायच्या, मग घोड्यांची कुरणं, आणि मग एका वळणावर दगडी गेटाचे खांब. आत लाल विटांचं, पांढऱ्या खांबांचं प्रचंड घर. दोनशे वर्षं एकाच घराण्यात राहिलेलं, शेवटच्या वारसानं विकून टाकलेलं. ग्रेगच्या कंपनीनं ते घेतलं होतं आणि आता त्याची आजच्या माणसांची घरं व्हायची होती. मोठ्या घरात फ्लॅट, तबेल्यात दुमजली घरं, मांस धुरावर टांगायच्या जुन्या कोठीत सायकली ठेवायची जागा. तबेल्यातल्या घोड्यांच्या नावांच्या पितळी पाट्या तशाच ठेवायच्या होत्या. लोकांना असलं आवडतं, ग्रेग म्हणाला होता. फक्त तळघरातला खोकणारा बॉयलर जायचा होता आणि त्याच्या जागी जमिनीतली ऊब यायची होती. ते काम रोशनीचं. ती आईला व्हिडिओ कॉलवर सांगायची, की खोल खोल बोअर मारायचे, त्यांत पाण्याचे पाइप सोडायचे, वर बर्फ पडो नाही तर ऊन, खाली जमीन बारा महिने एकसारखी कोमट असते, ती ऊब पाण्याबरोबर वर आणायची आणि घरभर खेळवायची. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आपल्याकडं बोअर मारमारून पाण्याचा टिपूस लागंना, आन् तुमी ऊब काढायलाव." मग दोघी हसायच्या. पण रोशनीला त्या कामाचं मनापासून प्रेम होतं. काही जाळायचं नाही, धूर नाही, आवाज नाही. खाली जे आहे तेच हळूच मागून घ्यायचं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर तिनं हाच प्रोजेक्ट मागून घेतला होता, आणि श्रीरंगदादानं तो दिलाही होता.

श्रीरंगदादा म्हणजे तिचा वरिष्ठ, पुण्याचा, पन्नाशीकडं झुकलेला. ऑफिसात मराठी बोलणारी ही दोघंच. दिवसभर इंग्रजीत बोलून बोलून जीभ कोरडी पडायची, मग दुपारी डबा उघडताना तो समोर येऊन म्हणायचा, "काय आणलंयस आज?" आणि तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, भाजीमुळे नव्हे, त्या वाक्यामुळे. मुलाखतीच्या दिवशी त्यानं तिचा कागद खाली ठेवून मराठीत विचारलं होतं, "भालेराव? परभणीकडचे का? अगं मग आमच्यातलेच की तुम्ही. माझ्या आत्याचं सासर भालेराव, देशस्थ." तेव्हा रोशनी हसली होती. हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. नुसती हसली होती, आणि त्या हसण्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली. भालेराव हे आडनाव अतुलचं, तिच्या नवऱ्याचं. ते ब्राह्मणांत असतं, मराठ्यांत असतं, बौद्धांतही असतं. ऐकणाऱ्यानं आपल्याला हवं ते घ्यावं. लग्नाआधी ती कांबळे होती. कांबळे म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, आणि ते न विचारणंही ऐकू येतं. कॉलेजच्या होस्टेलवर तिनं ते पुष्कळ ऐकलं होतं. पासपोर्टवर नवं आडनाव आलं तेव्हा तिला हलकं वाटलं होतं, पाठीवरची सॅक कुणीतरी मागून अलगद उचलून धरावी तसं. ज्यानं उचलून धरली त्याचा चेहरा मात्र तिनं मागं वळून पाहिला नाही.

आणि दादा नुसता वरिष्ठ राहिला नव्हता. तिच्या सातव्या महिन्यात त्याच्या बायकोनं, नेत्रावहिनींनी, घरी बोलावून डोहाळजेवण केलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी. "तुझी आई इथं नाही म्हणून काय झालं, मी आहे ना," असं म्हणून वहिनींनी तिच्या गालाला हात लावला होता, आणि रोशनीला खरोखर रडू आलं होतं. बाळ झाल्यावर वहिनी आळिवाचे लाडू घेऊन येणार होत्या त्या दिवशी सकाळी रोशनीनं हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून बेडरूममध्ये नेला. भिंतीवरून काढताना खिळा हातात आला. तो कुठं ठेवावा ते तिला सुचेना. बुद्ध मात्र हॉलमध्येच राहिला. बुद्ध इथं सगळ्यांच्याच हॉलमध्ये असतो, स्पाच्या रिसेप्शनवरही असतो. अतुल सोफ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं सगळं पाहिलं आणि काही म्हटलं नाही. वहिनी गेल्यावर तो फोटो त्यानंच परत आणून लावला, नवा खिळा ठोकून. हातोडीच्या आवाजानं अनिका दचकून रडायला लागली, आणि रोशनीला ते रडणं बरं वाटलं, कारण तिला पोरीला घेऊन आत जाता आलं.

पाय खचला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा आणि ग्रेग गावातल्या हॉटेलात गेले. रोशनी गाडीत बसून राहिली. तिला दूध काढायचं होतं. सीट मागं सरकवून, अंगावर शाल घेऊन तिनं पंप लावला. त्याची ती घरघर, घरघर, आणि काचेबाहेर पानं झडलेली झाडं. आकाश भांडी घासलेल्या पाण्यासारखं. अनिका या वेळी डे-केअरमध्ये झोपलेली असेल, मुठी कानापाशी घेऊन. तिची लांबी रोशनीला फूटपट्टीनं माहीत नव्हती, हातानं माहीत होती: जन्मली तेव्हा डोकं कोपराच्या खळीत ठेवलं की पावलं बोटांच्या टोकाला लागायची. हे मनात आलं आणि तिनं पंप बंद केला. बाटली झाकून ठेवली, हेल्मेट न घालताच उतरली आणि उतारावरच्या सीडरांकडे चालायला लागली. आपण बघायला चाललोय हे ती स्वतःला सांगत नव्हती. नुसती चालत होती.

तिथं काळोखी सावली होती, थंडीतही हिरवी राहणारी एक वेल सगळीकडं पसरलेली. वेलीखाली जमीन सपाट नव्हती. हिवाळ्यातल्या तिरप्या उजेडात ते नीट दिसत होतं: लांबट उथळ खळगे, एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेनं पडलेले. प्रत्येकाच्या एका टोकाला दगड. घडवलेला नाही, कोरलेला नाही, शेतातून उचलून आणून उभा रोवलेला दगड, कुठं कललेला, कुठं आडवा. सर्व्हे करणाऱ्यानं नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, सुटे दगड, पडलेल्या झाडांचे खड्डे. मालकांच्या घराण्याची दफनभूमी पलीकडे टेकडीवर होती, लोखंडी कुंपणातली, संगमरवरी फलकांची. ती नकाशात ठळक होती आणि तिच्यापासून किती अंतर राखायचं तेही आखून दिलेलं होतं. इथं तंबाखू पिकायचा, गहू पिकायचा. तो कुणी पिकवला, विटा कुणी भाजल्या, हे ग्रेगच्या रंगीत माहितीपत्रकात गुलामांविषयीच्या एका ओळीत होतं. ती माणसं मेल्यावर कुठं गेली, ते त्या ओळीत नव्हतं. रोशनी खळग्यांच्या मधून चालत गेली, कुठंही पाय न देता, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. आणि मग एका सीडरच्या मुळाशी तिला तो दिसला. लहान. त्याच्या टोकाला मुठीएवढा दगड. ती खाली बसली, आणि न ठरवता तिनं आपला हात कोपरापासून त्या खळग्याशेजारी जमिनीवर ठेवला. कोपर एका टोकाशी, बोटं दुसऱ्या. छातीत कळ आली. आत्ताच रिकाम्या केलेल्या स्तनांना पान्हा फुटला आणि जाकिटाच्या आत ती भिजून गेली. ती तशीच बसून राहिली. वाऱ्याचा आवाजसुद्धा नव्हता. दूध गार होत गेलं.

कारण तिला माहीत होतं. पुस्तकातून नव्हे. वसमतजवळच्या तिच्या गावात गावाचं मसणवट नदीकडं होतं, पत्र्याच्या छताचं, आणि त्यांच्या लोकांचं ओढ्याकाठी, बाभळींत. त्यांच्यात पुरत. लाकूड कुणाला परवडायचं, असं तिचे वडील, आण्णा, म्हणायचे, आणि शिवाय मातीतून आलेलं मातीत, असंही म्हणायचे. पुरल्यावर वर मातीचा उंचवटा असतो, पण पाऊस झाला की आतली माती बसते, उंचवट्याचा खळगा होतो. पावसाळा सरला की आण्णा एका रविवारी घमेलं आणि फावडं घेऊन निघायचे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक, हाताला ग्रीसचा वास. रोशनी मागं मागं. खचलेल्या जागी घमेलंभर माती टाकायची, पायानं नाही, हातानं थापायची. "पायानं न्हाई," ते दर वर्षी सांगायचे. तिथं चालताना जमिनीकडं बघून चालायचं, हे तिला चालता यायला लागल्यापासून येत होतं. मग ती सातवीत असताना गावानं त्या जागी सोयाबीनचं गोदाम बांधायचं ठरवलं. कागदावर ती जागा पडीक होती. पाहणीला आलेला तरुण इंजिनिअर वाईट नव्हता, त्यानं आण्णांना बसायला स्वतःचा रुमाल पसरून दिला. आणि विचारलं, "पण इथं माणसं आहेत हे कशावरून?" आण्णा बसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन एकेका खळग्यापाशी उभं राहून सांगायला लागले. ही माझी आई, जाईबाई. हा चुलता. ही चुलत्याची पहिली बायको, पटकीत गेली. हा ईश्वर, माझ्या बरोबरीचा. सांगत सांगत शेवटी ते एका लहान खळग्यापाशी आले आणि तिथं काहीच बोलले नाहीत. उभे राहिले, आणि परत येऊन चपला घातल्या. तेव्हा तिला वाटलं, आण्णा विसरले. पुढं कॉलेजात असताना कुणाच्या तरी लग्नात मावशीच्या तोंडून निघून गेलं, की रोशनीच्या आधी एक मुलगा झाला होता, नाव ठेवायच्या आत गेला. दिवाळीनंतर जेसीबी आला. आईनं त्या दिवशी घरातली सगळी भांडी अंगणात काढून घासली, न वापरलेलीसुद्धा, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. रोशनीनं इंजिनिअर व्हायचं कधी ठरवलं असं कुणी विचारलं, तर ती फिजिक्सच्या सरांचं नाव सांगायची.

संध्याकाळी अतुल अनिकाला वरणभात भरवत होता. निम्मा भात पोरीच्या केसांत. रोशनीनं ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं. लहान खळग्याचं सांगितलं नाही. "मग सांग ना श्रीरंगला, सर्व्हे करा म्हणावं," अतुल म्हणाला. "तो विचारेल, कशावरून." "मग म्हण, गूगल केलं." "त्यानं भागणार नाही. सर्व्हेवाल्यानं झाडांचे खड्डे म्हणून लिहून दिलंय. सोमवारी मशीन येतंय." अतुलनं चमचा खाली ठेवला. "तू म्हणतेस की आपण कोण ते सांगायला लागेल." ती अनिकाच्या केसांतली शितं वेचायला लागली. "हे बघ यार, मी कधी तुला म्हटलं का, सांग म्हणून? फोटो काढलास तेव्हा तरी म्हटलं? आता मात्र म्हणतो, थोडं थांब. ग्रीन कार्डचं चाललंय. अनॉनिमस मेल टाक स्टेटच्या हेरिटेज ऑफिसला. काम थांबेल आणि तुझंही नाव येणार नाही." "तोवर बोअर झालेले असतील." "मग तू काय करणारेस?" "माहीत नाही." अनिकानं वाटीत हात घातला आणि भात मुठीत दाबला, बोटांमधून पिवळं वरण निघालं. अतुल हळूच म्हणाला, "तुला ना, वहिनी दुरावतील याची भीती वाटतेय. नोकरीची नाही." तो बरोबर होता म्हणून तिला त्याचा राग आला. तिनं पोरीला उचललं आणि नळाखाली तिचे हात धुवायला लागली. या देशात तिला डोक्यावरून हात फिरवणारं एकच घर होतं. ते तिला दुसरीच कुणीतरी समजून मिळालेलं होतं, पण हात तर खरा होता. तिच्या गालाला लागला तेव्हा तो गरम होता, आणि आळिवाचे लाडू गोड होते. मग ते खोटं कसं? आणि खरं असेल, तर सांगितल्यावरही ते राहिलं पाहिजे. ते राहील का, हे कळून घ्यायची तिला इच्छा नव्हती. तिला ते तसंच, न बघता, जवळ ठेवायचं होतं.

शुक्रवारी ती दादाबरोबर पुन्हा साइटवर गेली, खुंटांची शेवटची तपासणी करायला. सगळ्या वाटेत तो आपल्या मुलाच्या ड्रायव्हिंग टेस्टबद्दल बोलत होता आणि ती हसत होती. सीडरांपाशी आल्यावर ती थांबली.

"दादा, ही जागा नको."

"का गं? लेआउट तुझाच ना?"

"इथं माणसं आहेत. पुरलेली. खळगे बघा ना, सगळे एका दिशेनं आहेत. टोकाला दगड आहेत."

"अगं, झाडं उन्मळून पडली की मुळाशी असे खड्डे राहतात. सर्व्हेत लिहिलंय तसं. सगळ्या व्हर्जिनियात आहेत."

"झाडं अशी ओळीत नाही पडत."

"वादळात पडतात की. आणि त्यांची सिमेटरी तिकडं वर आहे ना, कुंपणातली."

"ती मालकांची."

 दादा मूर्ख नव्हता. त्यानं हेल्मेट मागं सरकवून उताराकडं पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. "हं. शक्य आहे. नाही म्हणत नाही मी. पण शक्य आहे म्हणून काम थांबवता येत नाही, रोशनी. ग्रेग मला विचारणार, कशावरून. मी काय सांगू, माझ्या इंजिनिअरच्या पायाला वाटलं?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "तू दमलीयस. पिल्लू झोपू देत नाही ना? नेत्रा परवाच मला ओरडत होती, तिला किती पळवतोस म्हणून. आणि मला सांग, पुरलेली जमीन कशी दिसते हे तुला काय माहीत? आपल्यात काय पुरतात का कुणाला?"

त्यानं ते इतक्या सहज म्हटलं, इतक्या मायेनं, की रोशनीला वाटलं, आता हसावं. हसणं ओठांपाशी आलंही. ते तिचं जुनं, सरावाचं हसणं. त्यानं कधी दगा दिला नव्हता. नाही तर म्हणावं, डॉक्युमेंटरी बघितली होती. म्हणावं, माझी एक मैत्रीण आर्किऑलॉजीत आहे. वाक्यं तयार होती, ओळीनं उभी होती, कुठलंही उचलावं. दादाच्या जाकिटाची चेन अर्धी उघडी होती, आत वहिनींनी विणलेला मरून स्वेटर. लांब रस्त्यावरून एक शाळेची बस गेली. तिला एकदम ओढ्याकाठचा तो तरुण इंजिनिअर आठवला, त्याचा रुमाल, बाभळीखाली पसरलेला, त्यावर कुणीच न बसलेलं. आज ती त्याच्या जागी उभी होती, हातात नकाशा घेऊन, आणि तिच्या पुढ्यात चपला काढून सांगायला कुणी आण्णा नव्हते. ज्यांनी सांगावं तेच खाली होते.  तिचा आवाज निघाला तेव्हा अगदी साधा निघाला, मापं वाचून दाखवावीत तसा.

"आमच्यात पुरतात, दादा."

"म्हणजे?"

"आम्ही बौद्ध आहोत. अतुलचे भालेराव तुमच्या आत्याकडचे नव्हेत. मी माहेरची कांबळे. आमच्या गावाला ओढ्याकाठी आमची माणसं पुरलेली होती. पावसानं माती बसली की असेच खळगे पडायचे. मी लहानपणापासून बघितलेत. हे तेच आहेत. त्यात मुलंही आहेत, ते तिकडचे लहान आहेत ना, ती."

दादानं हेल्मेट काढलं. केसांवरून हात फिरवला आणि परत घातलं. "अच्छा," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "अच्छा." मग दुखावल्यासारखा, "अगं मग आधी नाही का सांगायचंस? आम्ही काय तसे आहोत का?" रोशनीला सांगता आलं असतं, की कसे आहात हे मला माहीत नव्हतं, म्हणूनच.  त्यानं खिशातून फोन काढला, दोन पावलं लांब गेला आणि ग्रेगला लावला. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तो तिच्यासाठी नीट भांडत होता. "नो, आय ट्रस्ट हर. शी नोज व्हॉट शी इज लुकिंग ॲट." फोनवर दहादा तो 'शी' म्हणाला, आणि तिला वाटलं, आपण इथं नाहीच, कुणा तिसरीबद्दल चाललंय.

सोमवारचं मशीन आलं नाही. जमिनीच्या आतलं दाखवणारं रडार घेऊन विद्यापीठातली माणसं आली, गवत कापायच्या यंत्रासारखं काहीतरी ढकलत उतारावर फिरली आणि पडद्यावरच्या करड्या रेषांकडं बघून मान हलवायला लागली. खाली पुरलेली माणसं होतीच. सीडरांच्या पलीकडंही होती, वेल पसरली होती त्याच्याही पुढं. जवळच्या चर्चमधल्या वयस्क कृष्णवर्णीय बायका हॅट घालून आल्या आणि बराच वेळ एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात ही जागा कायम माहीत होती, त्यांतल्या एकीनं सांगितलं. विचारायला कधी कुणी आलं नव्हतं. ग्रेग आधी चिडला, मग एका आठवड्यात माहितीपत्रकात नवं पान घातलं, स्मृती-उद्यान म्हणून, बाकासकट. बोअर घराच्या पुढच्या हिरवळीवर गेले. रोशनीनं ठिपके पुन्हा काढले. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं, आणि तिला त्यातलं काहीच आत पोचत नव्हतं. आण्णांना तिनं फोनवर सांगितलं, फक्त जागेचं, बाकीचं नाही.  ते म्हणाले, "लेकरं बी हायेत का गं त्यात?" ती म्हणाली, "हायेत, आण्णा." पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. "बरं केलंस," ते म्हणाले, आणि फोन आईकडं दिला.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं नाही. वाटलं, दादा मीटिंगमधून आलाय, सवयीनं बोलला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, समोर ग्रेग आहे म्हणून. मग एका दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये दोघंच होती, तिनं डबा उघडला, मेथीचा वास पसरला, आणि दादा मायक्रोवेव्हशी उभा राहून म्हणाला, "दॅट स्मेल्स ग्रेट." आणि आपला डबा घेऊन लॅपटॉपकडं गेला. तेव्हा कळलं. तो तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागला होता. चांगलं इंग्रजी, अदबीचं. थँक यू आणि प्लीज आणि व्हेनेव्हर यू गेट अ चान्स. तिच्या कामाचं त्यानं सगळ्यांसमोर कौतुक केलं, वरच्या साहेबांना मेल लिहिली, तिला वेळेत घरी जा म्हणाला. कुणाला दाखवावं आणि म्हणावं, बघा, असं काही त्यात नव्हतं. उलट तो पूर्वीपेक्षा जपून वागत होता, काच लागेल म्हणून जपतात तसा. नेत्रावहिनींचाही मेसेज आला, इंग्रजीत, सो प्राउड ऑफ यू, खाली जोडलेले हात. रोशनीनं तो डे-केअरच्या पार्किंगमध्ये वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यात कुठंतरी 'अगं' सापडतंय का ते बघत राहिली. अतुलला तिनं सांगितलं नाही. तो म्हणाला असता, इंग्रजीतच तर बोलतोय, इथं सगळेच बोलतात. आणि ते खरं होतं. तिला झालेलं दुःख इतकं बारीक होतं की बोलून दाखवलं असतं तर तिचं तिलाच हसू आलं असतं. फक्त दुपारी जीभ कोरडी पडायची, आणि पडलेलीच राहायची. घरी आल्यावर ती अनिकाशी मोठ्यानं बोलायची, काहीही, भाज्यांची नावं, नात्यांची नावं, आणि पोरगी तिच्या तोंडाकडं बघत ओठ हलवायची.

फेब्रुवारीच्या शेवटी पुढच्या हिरवळीवर मशीन उभं राहिलं. ढगाळ सकाळ, गोठलेलं गवत बुटांखाली कुरकुरत होतं. ड्रिलवाल्यानं मशीनचा मास्ट, उंच लोखंडी खांब, उभा केला, पाण्याचे होज-पाइप जोडले. मागच्या उतारावर सीडरांभोवती केशरी जाळी लावलेली होती. रोशनी पहिल्या खुंटापासून जरा लांब उभी होती, हात खिशात. हे जमिनीत शिरताना बघायला तिला नेहमी आवडायचं. आज आवडेल की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं. जमीन इथं सपाट होती. तरी ती बघत होती, बुटांच्या पुढं, बाजूला, पुन्हा पुढं. दादा गाडीतून उतरला, मफलर गुंडाळत तिच्याजवळ आला आणि अदबीनं अंतर राखून थांबला.

"यू डोन्ट हॅव टु स्टे, रोशनी," तो म्हणाला. "इट्स फ्रीझिंग. गो होम टु द बेबी. आय विल हँडल धिस."

त्याला खरंच तिची काळजी वाटत होती. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि तेच तिला सहन होईना. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"थांबते मी, दादा. पहिला बोअर होईपर्यंत थांबते. तुमचा मफलर सुटतोय बघा मागून."

त्याचा हात मानेकडं गेला. तो काहीतरी बोलणार होता, ओठ किंचित उघडले, आणि क्षणभर तिला वाटलं, आता 'अगं' येईल. हिरवळीवरून ड्रिलवाल्यानं हात वर करून विचारलं, सुरू करू का.

"शुअर," दादा म्हणाला. दोघांपैकी कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मशीन सुरू झालं आणि जमीन त्यांच्या पायांखाली थरथरायला लागली.